फुजीच्या पायथ्याचा निस्मो मेळा

जपानच्या शिझुओका प्रांतात फुजी पर्वताच्या पायथ्याशी ओयामा हे गाव आहे. तिथला फुजी स्पीडवे हा शर्यतीचा ट्रॅक १९६६ मध्ये सुरू झाला. निसान कंपनीने शर्यतींचं काम पाहण्यासाठी १९८४ मध्ये निस्मो ही उपकंपनी काढली आणि निस्मोने १९९७ पासून चाहत्यांसाठी निस्मो फेस्टिव्हल भरवायला सुरुवात केली. शर्यतींचा हंगाम संपला, की साधारण नोव्हेंबरअखेर किंवा डिसेंबरच्या सुरुवातीला हा मेळा फुजी स्पीडवेवर भरतो.

एरवी झामा इथल्या संग्रहात जपलेल्या निसानच्या जुन्या शर्यतगाड्या या दिवशी ट्रॅकवर प्रत्यक्ष धावतात. चाहत्यांची सर्वाधिक गर्दी होते ती स्कायलाइन जीटी-आरभोवती. हिची पहिली पिढी १९६९ ची. १९८९ मध्ये आलेल्या आर-३२ पिढीने १९९० ते १९९३ या काळात जपानच्या ग्रुप-ए स्पर्धेतल्या सर्वच्या सर्व २९ शर्यती जिंकल्या. काझुयोशी होशिनो चालवत ती निळी, १२ क्रमांकाची कॅल्सॉनिक स्कायलाइन याच मालिकेतली.

अशा गाडीचा फोटो काढणं हे कसबाचं काम. सेकंदाच्या हजाराव्या भागात टिपलेल्या फोटोत चाकाचे आरे स्पष्ट दिसतात, पण गाडी जागीच उभी असल्यासारखी वाटते. म्हणून शटर सेकंदाच्या साठाव्या भागाइतका वेळ उघडं ठेवतात आणि गाडीबरोबर कॅमेराही फिरवतात. हात स्थिर राहिला तर गाडी ठळक येते, चाकं आणि मागचं कुंपण पुसट होतं. पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे गाड्या उभ्या असतात तिथे, मात्र घाई नसते. आर-३२ चं बॉनेट उघडलेलं असेल तर एका रांगेत सहा सिलिंडर आणि दोन टर्बो असलेलं २,५६८ सीसीचं इंजिन जवळून टिपता येतं.

हे फोटो नंतर जगभरच्या चाहत्यांपर्यंत पोहोचतात. गाड्यांची छोटी मॉडेल बनवणारे त्यावरून स्टिकरची नेमकी जागा ठरवतात, तर जुनी गाडी पूर्ववत करणारे नळ्या आणि वायरिंगची मांडणी ताडून पाहतात.

फोटो देण्याघेण्याचे काही संकेतही आहेत. पार्किंगमधल्या खासगी गाड्यांच्या नंबरप्लेट आणि अनोळखी माणसांचे चेहरे अनेकजण झाकतात. शर्यतगाडीच्या दारावरचा आकडा मात्र मुद्दाम स्पष्ट दाखवतात, कारण रंगसंगती आणि तो आकडा जुळवूनच ती गाडी कोणत्या संघाची आणि कोणत्या हंगामातली, हे ओळखता येतं.