कल्याण जंक्शन : दक्षिणेच्या वाटेचा फाटा



कुंभकोणमला बसून कल्याण स्थानकाचा इतिहास सांगावयाचा, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु मुंबईहून मद्रासकडे, म्हणजे आताच्या चेन्नईकडे, निघालेली गाडी कल्याणनंतर उजवीकडे वळते आणि आपली वाट खऱ्या अर्थाने तेथे सुरू होते.

मुंबई-ठाणे गाडी 16 एप्रिल 1853 रोजी सुटली. रूळ कल्याणला पोहोचले ते 1 मे 1854 रोजी. कल्याण हे मुळात बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचे नाव आढळते, आणि 1657 साली शिवाजी महाराजांनी ते स्वराज्यात आणले. पण रेल्वेचा फाटा येथे फुटला तो सह्याद्रीमुळे. चढावयास दोन घाट निवडले गेले : ईशान्येस थळ, आग्नेयेस बोर. एक वाट नाशिककडे, दुसरी पुण्याकडे.

बोरघाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट चालावे तेव्हा एक फूट वर. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 मध्ये येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट सोडले नाही. काम पुरे करून घेतले. पटकी आणि ज्वराने मजूर मात्र हजारोंनी गेले. कंत्राटदाराचे नाव इतिहासात राहिले, त्यांचे राहिले नाही. खंडाळा-पुणे मार्ग 1858 सालीच तयार होता. मधला घाट उतारू पालखीतून नि तट्टावरून ओलांडीत. तो 1863 साली खुला झाला. पुढे 1871 मध्ये रायचूरला मुंबईचे आणि मद्रासचे रूळ जुळले.

आपली खोळंब्याची जागा तरीही उरलीच. मद्रास सेंट्रलला उतरून, पेट्या-वळकट्या टांग्यात घालून, एग्मोरला मीटरगेजची गाडी गाठावी लागे. विळुपुरम-मयिलाडुतुरै टप्पा 2010 साली रुंद झाला आणि ती यातायात संपली. (तंजावरी घराण्यांचे पूर्वज रूळ पडण्याच्या पावणेदोनशे वर्षे आधी येथे आले, त्यांना आमच्या या तक्रारीचे हसूच येत असेल!)

ती यातायात सोसलेली वडीलधारी मंडळी आज या सभागृहात आहेत. कोण कोणत्या साली, कोणासह, कशासाठी आले, हे त्यांच्याच तोंडून लिहून घेतले पाहिजे. कार्यवाहांपाशी एक कोरी वही ठेवली आहे. पहिली नोंद आजच व्हावी, ही विनंती.