विद्यार्थ्याचे लेखन आणि पुराव्याची शिस्त



 या संमेलनात विद्यार्थ्यांच्या अभ्यासपूर्ण लेखनाचा विचार करावयाचा, आणि त्यासाठी पुण्याची विद्यापीठीय सभागृहे सोडून हिर्डोशीस जमावयाचे, याचे पुष्कळांना नवल वाटेल. परंतु नीरेच्या खोऱ्यातील हा मुलूख त्या विचारास सर्वथा अनुरूप आहे. जेथे हिरडस मावळची देशमुखी बांदलांकडे आणि देशकुलकर्ण बाजी प्रभूंच्या घराण्याकडे नांदले, शेजारच्या रोहिडखोऱ्यात जेधे देशमुखांनी आपले कागद पिढ्यान्‌पिढ्या जतन केले, आणि पुढे भोरच्या पंतसचिवांच्या दप्तरी सनदा व हिशेब साठत गेले, तेथील विद्यार्थ्याला पुरावा म्हणजे काय हे शिकण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही.

मला आज मुख्यतः एकच गोष्ट सांगावयाची आहे. ‘हे तुला कोठून कळले?’ असा प्रश्न आपल्या कोणत्याही वाक्याविषयी कोणी केला असता त्याचे सरळ उत्तर देता येणे, ही संशोधनाची पहिली अट आहे आणि अखेरचीही तीच आहे. भाषेचे सौष्ठव, ग्रंथांची विपुलता, पदवीची प्रतिष्ठा या साऱ्या गोष्टी तिच्यामागून येतात. आणि ती पाळली गेली नसेल, तर यांपैकी एकही गोष्ट लेखकाला तारू शकत नाही.

याचे उदाहरण याच डोंगराळ भोर तालुक्यात घडले आहे. शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ च्या वैशाखात, म्हणजे इसवी सन १६२७ मध्ये झाला, असे बखरींच्या आधारे दीर्घकाळ मानले जात होते. कारीच्या जेधे देशमुखांच्या संग्रहातून लोकमान्य टिळकांना एक शकावली मिळाली, आणि ती १९१६ मध्ये प्रसिद्ध झाली. शके १५४० पासून शके १६१९ पर्यंतच्या घटनांची ती त्रोटक नोंद. तीत वर्णन नाही, अलंकार नाही. परंतु शिवजन्माची तिथी तीत फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी दिली होती. एका घरातून निघालेल्या चार-दोन ओळींनी रूढ समजुतीला आव्हान दिले, आणि विद्वानांत मोठा वाद माजला. पुढे तंजावरास मिळालेले कवींद्र परमानंदाचे ‘शिवभारत’ स. म. दिवेकरांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा महाराजांच्या आश्रयास असलेल्या त्या कवीच्या काव्यातही तीच तिथी आढळली. मावळातील देशमुखाच्या घरची नोंद आणि तंजावरचा संस्कृत ग्रंथ, दोन्हींचा परस्परांशी संबंध नसता, एकच गोष्ट सांगतात, तेव्हा त्या साक्षीला जे वजन येते ते एकाच बखरीवरून उतरलेल्या दहा बखरींनाही येत नाही. महाराष्ट्र शासनानेही पुढे हीच तिथी अधिकृत मानली.

विद्यार्थी मित्रांनो, या तिथीतच आणखी एक धडा आहे. शकात ७८ मिळविले की इसवी सन येतो, हे आपण शाळेत शिकतो. १५५१ मध्ये ७८ मिळवा, १६२९ येतील. परंतु शकाचा आरंभ चैत्रात होतो आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना, म्हणजे तोपर्यंत इंग्रजी वर्ष पालटलेले असते. म्हणून येथे ७९ मिळवावे लागतात आणि १६३० हे साल हाती येते. १९ फेब्रुवारी ही जी तारीख आपण म्हणतो, तीही जुन्या जूलियन गणनेची. आजच्या ग्रेगोरियन गणनेने तो दिवस १ मार्च ठरतो. पाठ केलेला नियम कोठे लागू पडतो आणि कोठे पडत नाही, हे स्वतः गणित मांडून पाहणे, यालाच मी संशोधनाचे कौशल्य म्हणतो.

लेखनाची मांडणी कशी असावी, असे मला विद्यार्थी वारंवार विचारतात. त्यांना मी आपल्या जुन्या महजरांकडे, म्हणजे निवाडापत्रांकडे, पाहावयास सांगतो. वतनाचा तंटा गोतापुढे आला म्हणजे प्रथम तंट्याचा मुद्दा निश्चित होई. वादी आणि प्रतिवादी यांच्या तकरीरी घेतल्या जात. कागदपत्र पाहिले जात, जाणत्या साक्षीदारांचे जबाब होत. आणि निवाडा झाल्यावर उपस्थितांची नावे व निशाण्या खाली पडत, ज्यात लिहिता न येणाऱ्या कुणब्याचा नांगरही मानाने उमटे. उत्तम प्रबंधाला याहून निराळे काय लागते? प्रश्न एकच आणि नेमका असावा. पूर्वसूरींचे मत, विशेषतः आपल्याविरुद्ध जाणारे मत, त्यांच्याच शब्दांना न्याय देऊन मांडावे. मग पुरावा, मग निर्णय, आणि ज्यांच्या साक्षीवर निर्णय उभा आहे त्यांची नावे ठळकपणे द्यावीत. आरंभीच निवाडा लिहून त्याला साजेसे साक्षीदार गोळा करणारा लेखक वकिली करतो, संशोधन नव्हे.

या कामाची खरी तालीम टिपण करण्यात होते. एका कागदावर एकच मुद्दा लिहावा; ग्रंथाचे नाव, आवृत्ती व पृष्ठ त्याच क्षणी नोंदवावे, कारण महिन्याभराने ते शोधू म्हटले तर सापडत नाही; दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हांत, त्याचा आशय आपल्या शब्दांत, आणि आपले स्वतःचे मत अगदी वेगळ्या शाईने लिहावे. ही तीन अंगे टिपणातच मिसळली, तर प्रबंधात ती वेगळी करणे दुरापास्त होते, आणि मग प्रामाणिक विद्यार्थ्याच्याही माथी उचलेगिरीचा ठपका येतो. आज यंत्राला प्रश्न घालताच क्षणार्धात सुबक निबंध हाती येतो. त्या सोयीचा मी द्वेष करीत नाही. परंतु त्या निबंधातील वाक्याचा जबाब यंत्र देणार नाही, तो ज्याचे नाव वर आहे त्यालाच द्यावा लागेल, हे विद्यार्थ्याने विसरू नये.

विषयांसाठीही दूर जावे लागत नाही. नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाने या खोऱ्याचे जीवन पालटले. कोणाची भातखाचरे गेली, कोणाला कोठे जमीन मिळाली, हे सातबारा, फेरफार व पुनर्वसनाच्या कागदांत एका रीतीने लिहिले आहे आणि वडीलधाऱ्यांच्या स्मरणात दुसऱ्या रीतीने साठले आहे. या दोहोंचा मेळ घालणे आणि मेळ बसत नाही तेथे तसे स्पष्ट लिहिणे, हे पदवीच्या विद्यार्थ्याला साधण्याजोगे आणि समाजाला अत्यंत उपयुक्त असे काम आहे. मात्र आजोबांची हकीकत लिहून घेताना तारीख, स्थळ आणि त्यांची अनुमती नोंदवावी. आणि त्यांनी डोळ्यांनी पाहिले ते कोणते व ऐकले ते कोणते, हे त्यांना आदराने विचारावे.

अशाच रीतीने इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव फिरून रुमालांतले कागद मिळवीत, आणि १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचे बावीस खंड त्यांनी सिद्ध केले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, तेही त्यांच्याच ध्यासातून. ग. ह. खऱ्यांनी तर नवशिक्यांसाठी ‘संशोधकाचा मित्र’ हा ग्रंथच लिहिला. ही परंपरा आपली आहे, पण ती वारशाने मिळत नाही, श्रमाने मिळते. म्हणून माझी शिक्षकांना विनंती आहे की, त्यांनी विद्यार्थ्याच्या प्रबंधाची जाडी न पाहता त्याची टिपणे तपासावीत, आणि त्याला निदान मोडी वाचावयास शिकवावे, कारण जुन्या जमीनविषयक कागदांचा पुष्कळ भाग त्या लिपीत बंद आहे. पालकांना विनंती आहे की, माळ्यावरचा रुमाल रद्दीत घालण्यापूर्वी तो एखाद्या जाणकाराला दाखवावा. कारीच्या जेध्यांनी आपला रुमाल जपला नसता, तर आपण आजही चुकीच्या वर्षी शिवजयंती मोजीत राहिलो असतो. आणि विद्यार्थ्यांना माझे सांगणे आहे की, पुढच्या संमेलनास येताना प्रत्येकाने आपल्या गावाविषयी चारच पाने लिहून आणावीत, पण ती अशी असावीत की त्यांतील प्रत्येक ओळीसाठी भर सभेत उभे राहून त्याला साक्ष देता येईल. ती पाने वाचावयास मी अवश्य येईन.