आधी पेटी, मग पिल्लं

आज आपण बोलणार आहोत कोंबडीच्या पिल्लांबद्दल आणि घरातल्या मांजराबद्दल. गटागटांत पिल्लांसाठी कर्जाची मागणी येते. कुणाला गिरीराज हवी असते, कुणाला वनराज, कुणाला कावेरी. आणि बैठक उठता उठता कुणीतरी हळूच विचारतंच, "पिल्लं आणीन हो, पण घरात मांजर आहे. तिचं काय करू?"

मांजर काढून टाका, असं सांगणं सोपं आहे. पण आपल्याकडे मांजर काही नुसतं हौसेनं ठेवलेलं नसतं. कणगीतली ज्वारी, पोत्यातला तांदूळ, पुढच्या पेरणीचं बियाणं उंदरांपासून राखायला ते असतं. पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या शिवारात सोडलं, तर पुष्कळदा ते परत येतं. नाही आलं, तर त्याच्या जागी दुसरा बोका येतो. तोवर उंदीर माजतात. आणि पिल्लांना रात्रीतून बिळात ओढून नेणारा उंदीरच असतो. म्हणून मांजरही राहू द्यायचं आणि पिल्लंही जगवायची, हाच आपला मार्ग.

आमच्या गटांतल्या आज्या म्हणतात, "आमच्या काळी दारात मांजर होतं, पिल्लंही हिंडायची. तेव्हा नव्हतं बाई असलं काही." खरं आहे. पण त्या पिल्लांना आई होती. 21 दिवस अंड्यांवर बसलेली कोंबडी पिल्लं घेऊन निघाली, की पिसं फुलवून मांजराच्या अंगावर धावून जाते. घार दिसली तर पिल्लांना पंखाखाली घेते. आता आपण आणतो ती पिल्लं उबवणी यंत्रातली. एका दिवसाची असताना खोक्यातून येतात. त्यांना ना ऊब देणारी आई, ना राखणारी आई. म्हणजे ही दोन्ही कामं आपल्या पेटीनं करायची आहेत. पेटी हीच त्यांची आई, एवढं लक्षात ठेवलं की पुढचं सगळं सोपं जातं.

काही जणी म्हणतात, "आमची मनी फार गरीब आहे, ती काही करायची नाही." मैत्रिणींनो, मनी गरीब असेलही, पण चिवचिवणारं, तुरुतुरु पळणारं पिल्लू दिसलं की तिचा पंजा आपोआप उठतो. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं. दूधभात घातला म्हणून ती सवय जात नाही. गळ्यात घुंगरू बांधूनही उपयोग नाही. घुंगराचा आवाज ऐकून पाखरू उडून जातं, पेटीतलं पिल्लू कुठं जाणार? उलट उंदीर तेवढे सावध होतात. शिंक्याचं तुटलं आणि बोक्याचं फावलं, असं आपण म्हणतो. बोक्याला शिव्या देऊन काय होणार? शिंकं घट्ट बांधायचं काम आपलं.

आता पेटी कशी हवी ते सांगतो. पहिल्या पंधरवड्यात 20 ते 25 पिल्लांना 3 फूट लांब आणि 2 फूट रुंद पेटी पुरते. पुढे पिल्लं वाढतील तशी जागा वाढवायची. दुकानात गेलात की अर्धा इंची भोकांची, वेल्डिंग केलेली चौकोनी जाळी मागा. मोठ्या षटकोनी भोकांची पातळ जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून लहान उंदीर आत शिरतो आणि मांजराचा पंजाही जातो. पंजानं पिल्लू जाळीपर्यंत ओढलं, की जाळी न तुटताही पिल्लू मरतं. म्हणून चारही बाजूंनी खालचा एक फूट भाग फळीनं किंवा पत्र्यानं बंद करा, त्याच्यावर जाळी लावा. हवा वरून खेळते, पंजा खाली पोचत नाही.

झाकणावर वीट ठेवून भागत नाही. मांजर झाकणावर चढतं, कडेला नखं घालतं, वीट सरकते. झाकणाला कडी हवी आणि कडीत खिळा किंवा तार हवी. बल्ब झाकणाला पक्का टांगा. उबेला मांजर हमखास वर येऊन बसतं. बल्ब सैल असेल तर तो भुशात पडून आग लागायची भीती असते. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब लागते. पुढे दर आठवड्याला 3 अंशांनी कमी करत जायचं. पिल्लं बल्बखाली गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब पळाली तर ऊब जास्त झाली, असं समजा.

आणखी एक गोष्ट पुष्कळ जणींच्या ध्यानात येत नाही. मांजरानं हातही न लावता पिल्लं मरतात. ते पेटीभोवती घिरट्या घालायला लागलं, की पिल्लं घाबरून एका कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरतात. यासाठी पेटीचे आतले चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करा. आणि पेटी अशा खोलीत ठेवा जिथं मांजराला वाव नाही. खिडकीला जाळी, दाराखालच्या फटीला फळी. मांजराची नेमणूक धान्याच्या खोलीत, पिल्लांच्या खोलीत नाही. तांबडं फुटताना आणि दिवेलागणीला मांजर जास्त चपळ असतं, त्या वेळी तर दार उघडं टाकूच नका. अशी राखण पिल्लं साधारण दोन महिन्यांची होईपर्यंत करायची. पुरती वाढलेल्या कोंबडीच्या वाटेला मांजर सहसा जात नाही.

सांडलेला भरडा रोज झाडून काढा. भरड्याला उंदीर येतो, उंदरामागे मांजर येतं. खाद्य पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवा. उंदरांसाठी विषारी गोळ्या मात्र टाकू नका. त्या कोंबड्या टिपतात, लेकरांच्या हाती लागतात आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरही जाऊ शकतं. त्यापेक्षा पिंजरा लावा, बिळं दगड आणि सिमेंटनं बुजवा.

आता जरा नाजूक गोष्ट. आमच्या एका गटात कर्जावर आणलेली पिल्लं रात्रीतून कमी होऊ लागली. शेजारणीच्या बोक्यावर आळ आला. दोघी एकाच गटातल्या. बोलणं बंद झालं, एकीनं बैठकीला यायचं सोडलं, बचतही थांबली. शेवटी गटातल्या चौघींनी मिळून खोली रिकामी केली, तर कणगीमागं उंदराचं बीळ निघालं आणि बिळाच्या तोंडाशी पिल्लांची पिसं. बोका बिचारा बिनगुन्ह्याचा. दोघी आता बोलतात, पण दोन महिन्यांची बचत बुडाली ती बुडालीच. म्हणून आळ घ्यायच्या आधी खुणा बघा. रात्री एकेक पिल्लू नाहीसं होत असेल, पायाला चावे असतील, तर आधी बीळ शोधा. मांजर पुष्कळदा एकच पिल्लू उचलतं आणि मागं पिसं पडतात. मुंगूस दिवसा येतं, मानेला, डोक्याला धरतं आणि एका वेळी बरीच मारून टाकतं. काहीच खूण नसेल तर सापही असू शकतो, बिनउजेडाचा पेटीत हात घालू नका.

मांजराच्या तोंडून पिल्लू सुटलं, वरून जखम बारीक दिसली, तरी गाफील राहू नका. मांजराच्या लाळेतल्या जंतूंनी असं पिल्लू एक-दोन दिवसांत दगावतं. ते वेगळं, उबेत ठेवा आणि लगेच जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. आणि सोडवताना मांजर तुम्हाला चावलं किंवा नख लागलं, तर हळद-चुना लावत बसू नका. वाहत्या पाण्यात साबणानं 15 मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. मांजरापासूनही रेबीज होतो.

यावरून आमच्या गटांनी एक ठराव केला आहे. पिल्लांसाठी कर्ज मागितलं, की गटातल्या दोघी जाऊन पेटी बघतात. जाळीत बोट घालून बघतात, कडी ओढून बघतात, कोपरे बघतात. पेटी ठीक असेल तरच रक्कम हाती. पहिल्यांदा थोडी कुरकुर झाली. पण पिल्लं गेली तरी हप्ता थांबत नाही, हे सगळ्यांनाच कळतं. तुमच्या गटातही पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, इतिवृत्तात लिहा: आधी पेटी, मग पिल्लं.

तुमच्याकडे याहून चांगली युक्ती असेल तर आम्हाला जरूर कळवा.