लोखंड खाणारा राक्षस



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काही जण हसतील. मला राक्षसांबद्दल बोलायचे आहे. पण पुराणातल्या नव्हे, एका खेळातल्या. हा खेळ खेळणाऱ्यांचे काही राक्षस फार आवडते असतात. राक्षस आणि आवडता? होय, आवडता. तो का आवडतो, हे मुलांना वाढवणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने ऐकण्यासारखे आहे.

खेळाचे नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचे लहानसे गाव आहे. तिथे गॅरी गायगॅक्स नावाचे गृहस्थ राहत. विम्याच्या कचेरीतली नोकरी सुटल्यावर ते घरी जोडे दुरुस्त करीत आणि उरलेल्या वेळात लढायांचे खेळ मांडीत. शेजारच्या मिनेसोटा राज्यातले डेव्ह आर्नेसन हे त्यांचे खेळगडी. या दोघांचा हा खेळ १९७४ साली छापला गेला. एका पेटीत तीन छोट्या पुस्तिका. पहिल्या खेपेला प्रती अवघ्या हजार. आज तो जगभर खेळला जातो, आपल्या पुण्या-मुंबईतही.

खेळायचे कसे? चार-पाच जण मेजाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होतो. तो म्हणतो, "तुम्ही भुयारात आहात. समोर दार आहे. आतून काहीतरी खरवडल्याचा आवाज येतोय. बोला, काय करता?" बाकीच्यांनी एकेक सोंग घेतलेले असते. कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. ज्याने त्याने आपण काय करतो ते सांगायचे. ते साधले की नाही, हे फासा ठरवतो. हा फासा आपल्या नेहमीच्या सहा बाजूंचाच नसतो, वीस बाजूंचाही असतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याला भाच्याकडे गेलो होतो. त्याची दोन मुले आणि शेजारची एक दहा-अकरा वर्षांची मुलगी खेळायला बसली होती. "आजोबा, तुम्ही पण बसा," असा आग्रह झाला. सारा जन्म शाळामास्तरकीत गेलेला. म्हटले, निदान सोंगात तरी शूर होऊ. मी योद्धा झालो. अंगावर लोखंडी चिलखत, हातात ढाल, कमरेला तलवार. शेजारच्या मुलीने जादूगारणीचे सोंग घेतले होते. अंगात सुती झगा, हातात नुसती लाकडी काठी. एका फटक्यात गतप्राण होईल अशी. मुलगीही अबोल. तासभरात तिने चार शब्द उच्चारले असतील.

आणि मग तो आला. आकाराने साधारण गाढवाएवढा, किड्यासारखा, पुढे दोन लांब मिशा, शेपटाच्या टोकाला वल्ह्यासारखे पाते. मी मोठ्या ऐटीत तलवार चालवली. सूत्रधार झालेला भाचा शांतपणे म्हणाला, "मामा, घाव लागला खरा. पण तलवारीला गंज चढला. चुरा झाला तिचा." मी ढाल पुढे केली. त्याने मिशी लावली, ढाल गेली. मग चिलखत गेले. मंडळी, हा लोखंड खाणारा राक्षस! माणसाच्या मांसाशी त्याला काही कर्तव्य नाही. पण ज्याच्या अंगावर लोखंड अधिक, त्याची दाणादाण अधिक. आमच्यातला सर्वांत बलवान जो मी, तो क्षणात सर्वांत दुबळा ठरलो.

सगळे गप्प झाले. तेव्हा ती मुलगी हळूच म्हणाली, "कुणाकडे खिळे आहेत का?" चोराच्या झोळीत डझनभर मोठे लोखंडी खिळे होते. तिने ते लांब कोपऱ्यात फेकायला लावले. खेळाच्या पुस्तकातच तसा नियम आहे: पुढ्यात लोखंड टाकले की हा प्राणी क्षणभर थांबून ते खात बसतो. तेवढ्यात आम्ही निसटलो. जिच्याकडे लोखंड नव्हते, तिलाच डोके शांत ठेवता आले. त्यानंतर मात्र ती मुलगी गप्प बसेना!

परत येताना गाडीत मी विचार करीत होतो. वर्गात अशी किती मुले माझ्यापुढे वर्षानुवर्षे गप्प बसली असतील? त्यांना बोलते करील असा प्रश्न मी कधी विचारलाच नसेल. मी नेहमी चिलखतवाल्यांना पुसत आलो.

आता या राक्षसाच्या जन्माची कथा ऐका. गायगॅक्स यांनी एका स्वस्त दुकानातून प्लॅस्टिकच्या खेळण्यांची एक पिशवी आणली होती. आपल्या जत्रेत मिळतात ना, तशीच. हाँगकाँगमध्ये बनवलेली, पिशवीवर 'प्रागैतिहासिक प्राणी' असे लिहिलेले. पण आतले प्राणी पृथ्वीवर कधी झालेच नव्हते! ते त्यांनी खेळाच्या मेजावर मांडले आणि त्यांना नावे, सवयी आणि नियम दिले. त्यातूनच हा लोखंडखाऊ जन्मला. अस्वलाच्या धडावर घुबडाचे डोके असलेला एक प्राणीही त्यातलाच. हे दोघे १९७५ साली छापले गेले. जमिनीखालून पोहत येणारा, पाठीवर कवच असलेला तिसरा एक १९७६ साली आला. चार पैशांची खेळणी. पण त्यांना अर्धशतकाचे आयुष्य लाभले.

मी पुढे चौकशी केली, तेव्हा दिसले की, खेळणाऱ्यांच्या जिभेवर जे राक्षस असतात, त्यांतले पुष्कळ असेच आहेत. नुसता दांडगा राक्षस कोण लक्षात ठेवतो? लक्षात राहतो तो कोडे घालणारा. एक आहे पारदर्शक चिकाचा घन, दहा फूट लांब, दहा फूट रुंद, दहा फूट उंच. भुयारांचे नकाशे चौकटीच्या कागदावर काढीत आणि एक चौकट दहा फुटांची धरीत. म्हणून हा बरोबर बोळभर होतो. निष्काळजीपणे चालणारा सरळ त्याच्यात शिरतो. दुसरा दागिन्यांच्या पेटीचे रूप घेऊन बसतो. जो हावरेपणाने आधी हात घालतो, तोच चिकटतो. तिसऱ्याला कितीही तोडा, जखमा आपोआप भरून येतात. त्याला आग लागते, हे ओळखावे लागते. म्हणजे एकाला सावधपणा हवा, दुसऱ्याला संयम, तिसऱ्याला ज्ञान.

आणि यात आपलाही एक आहे बरे का! १९७७ सालच्या राक्षसांच्या पुस्तकात 'राक्षस' याच नावाने तो छापला आहे. प्रथम भारतात आढळला असेही तिथे म्हटले आहे. वाघाचे डोके, अंगात उंची पोशाख, तोंडात चिलीम. गायगॅक्स यांना तो अमेरिकेतल्या एका दूरचित्रवाणी मालिकेवरून सुचला. तो आपल्या विश्वासातल्या माणसाचे रूप घेऊन येतो. सोनेरी हरिणाची आणि भिक्षा मागणाऱ्या साधूची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली आहे. हे कोडे आपल्याला नवे सांगायला नको.

या खेळावर गदाही आली होती. १९८० नंतरच्या काळात अमेरिकेत अनेक पालकांना वाटू लागले की, मुले यातून सैतानाच्या नादी लागतात. ओरड इतकी झाली की, १९८९ सालच्या नव्या आवृत्तीतून सैतान वगळावे लागले. पालकांची काळजी खोटी नव्हती. पण रोख चुकला होता. मुलाच्या मनात भीती असतेच. आपल्याकडे पिंपळावरचा मुंजा असतो, रानवाटेवरचा चकवा असतो. भीतीला नाव नसते, तोवर ती मोठी असते. तिला नाव दिले, तिची सवय कळली, तिचे वर्म सापडले, आणि शेजारी चार सोबती असले, की ती कोड्याएवढी होते. चकवा लागला तर धावू नका, एका जागी बसा, असे आपले म्हातारे सांगत. तोही एक नियमच होता.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, एक करून पाहा. फासे नकोत, पुस्तक नको. शनिवारी शेवटच्या तासाला फळ्यावर एक राक्षस काढा. त्याचे बळ कशात, खोड कोणती आणि वर्म कोणते, हे मुलांनाच ठरवू द्या. मग विचारा, "हा गावाच्या वाटेवर बसला आहे. मारामारी करायची नाही. काय कराल?" पहिली उत्तरे नेहमीची मुले देतील. ती ऐकून घ्या, आणि जरा थांबा. मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच विचारील, "गुरुजी, कुणाकडे खिळे आहेत का?"

त्या आवाजासाठी थांबायला मी फार उशिरा शिकलो. आपण उशीर करू नका.