पाव मैलाची शर्यत आणि वाऱ्याचा अडसर

माशाचे शरीर दोन्ही टोकांना निमुळते असते, होडीचे तोंड पाणी कापीत जाईल असे घडविलेले असते आणि आकाशात झेपावणारा ससाणा पंख अंगाशी घट्ट आवळून घेतो. ज्याला वेगाने पुढे जावयाचे आहे, त्याने वाटेतील पाण्याला वा हवेला कमीत कमी दुखवावे, हा निसर्गाचा जुना धडा आहे. मोटारगाडी जन्माला आल्यावर काही वर्षांतच माणसाने हा धडा तिलाही लागू केला. बेल्जियमच्या कामीय जेनात्झी याने १८९९ मध्ये ज्या विजेच्या गाडीतून ताशी १०० किलोमीटरची मर्यादा प्रथम ओलांडली, ती गाडी पाणतीराच्या आकाराची होती. चालक मात्र त्या पाणतीराच्या बाहेर कमरेपासून वर उघडाच बसला होता, आणि चाकेही उघडीच होती! म्हणजे तत्त्व कळले होते. ते पुरतेपणी अंगी उतरले नव्हते.

हेच तत्त्व अमेरिकेतील ड्रॅग शर्यतीत आले, तेव्हा काय घडले, याची कथा मोठी उद्बोधक आहे. या शर्यतीचे स्वरूप अगदी साधे असते. सरळ, सपाट धावपट्टीवर दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात. इशारा होताच त्या जागच्या जागेवरून सुटतात आणि पाव मैलाचे, म्हणजे सुमारे ४०२ मीटरचे, अंतर जो आधी तोडील तो जिंकतो. वळण नाही, चढ नाही, दुसरी फेरी नाही. सारा निकाल काही सेकंदांत लागतो. इंग्रजीत वायुरोधाला जो शब्द आहे तोच या शर्यतीच्या नावातही आहे. परंतु दोहोंचा संबंध केवळ नावापुरता. शर्यतीच्या नावाच्या उगमाविषयी नाना कथा सांगितल्या जातात, आणि त्यांत वाऱ्याला सहसा स्थान नसते.

या खेळाचे मूळ दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांच्या पात्रांत आहे. मुरॉक, एल मिराज यांसारख्या ठिकाणी १९३० च्या दशकापासून तरुण मंडळी जुन्या फोर्ड गाड्या मोडून, हलक्या करून, त्यांचे इंजिन सुधारून पळवीत असत. दुसरे महायुद्ध संपले आणि या मंडळींच्या हाती एक अनपेक्षित वस्तू लागली. लांब पल्ल्याच्या लढाऊ विमानांच्या पोटाखाली जादा इंधनाच्या टाक्या लावीत. इंधन संपले की त्या खाली टाकून देत. या टाक्या हवेत फरफट होऊ नये म्हणून थेंबाच्या आकाराच्या केलेल्या असत. बिल बर्क नावाच्या गृहस्थाने १९४६ मध्ये पी-५१ विमानाच्या अशा टाकीला चाके व इंजिन बसवून तिची गाडी केली. पुढे त्याने पी-३८ विमानाची अधिक मोठी टाकी घेतली. युद्धाची मोडीत निघालेली सामग्री अशा रीतीने क्रीडेच्या कामी आली. ज्या आकारासाठी विमानशास्त्रज्ञांनी प्रयोगशाळा झिजविल्या होत्या, तो कारागिरांना भंगाराच्या भावात मिळाला.

१९४९ मध्ये युटा राज्यातील बॉनव्हिल येथील मिठाच्या पठारावर वेगाचा पहिला सप्ताह भरला. तेथे ॲलेक्स झिडियास आणि डीन बॅचलर यांनी आणलेली गाडी पाहण्यासारखी होती. चाकांसकट सारी गाडी एका गुळगुळीत कवचाखाली झाकलेली होती. साध्या प्रवासी गाडीच्या सुधारलेल्या इंजिनावर तिने जाता-येताच्या दोन धावांची सरासरी ताशी १८९ मैलांवर नेली आणि पुढच्याच वर्षी ताशी २०० मैलांचा टप्पा ओलांडला. इंजिनाची शक्ती न वाढविताही वाऱ्याशी तडजोड करून केवढा वेग मिळविता येतो, याचे हे प्रात्यक्षिकच होते.

यामागचे गणित सोपे आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. आणि तो विरोध मोडून वेग टिकविण्यास लागणारी शक्ती आठपट होते. ताशी ५० मैलांवर ज्या वाऱ्याची फारशी दखल घ्यावी लागत नाही, तोच ताशी २०० मैलांवर भिंतीसारखा आडवा येतो. ज्याला ही भिंत ढकलायची नसेल, त्याने तिच्यातून अलगद सरकण्याजोगे अंग घडवावे, हे ओघानेच आले.

मग जे मिठाच्या पठारावर इतके यशस्वी झाले, ते पाव मैलाच्या धावपट्टीवरही व्हावयास नको काय? १९५० मध्ये सान्ता आना येथील विमानतळाच्या धावपट्टीवर नियमित ड्रॅग शर्यती सुरू झाल्या आणि १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी राष्ट्रीय संघटना स्थापून खेळाला नियम दिले. त्या आरंभीच्या काळापासूनच हा प्रश्न अनेकांच्या मनात घोळत होता. त्याचे उत्तर मात्र अपेक्षेहून वेगळे निघाले.

बॉनव्हिलला गाडीला वेग घ्यावयास कित्येक मैल मिळतात. तेथे आरंभी चारदोन सेकंद उशीर झाला तरी बिघडत नाही. शेवटी किती वेग गाठला एवढेच पाहतात. ड्रॅग शर्यतीत याच्या उलट स्थिती. तेथे सारे भांडवल पहिल्या काही मीटरांत असते. त्या वेळी गाडीचा वेग अल्प, म्हणून वायुरोधही अल्प. पण वजन मात्र पुरेपूर असते. झाकणाचा पत्रा, त्याचे सांगाडे, चाकांवरील कवचे यांचा प्रत्येक किलो जागचा हलवावा लागतो. वाऱ्यापासून जे वाचते ते शर्यतीच्या अखेरच्या भागात, आणि वजनापायी जे जाते ते पहिल्याच क्षणी. म्हणूनच त्या काळातील विजयी गाड्या दिसावयास अगदी कुरूप असत. नुसत्या नळ्यांचा सांगाडा, उघडे इंजिन, आणि मागच्या चाकांच्याही मागे गलोलीतील खड्यासारखा बसविलेला चालक! हे ध्यान वाऱ्याला अजिबात मानणारे नव्हते; पण ते हलके होते, आणि त्याचा भार मागच्या चाकांवर नेमका पडत असे.

या सर्वसामान्य समजुतीला आव्हान दिले ते रॉबर्ट जॉन्सन यांनी. मित्रमंडळी त्यांना जॉको म्हणत. इंजिनाच्या माथ्यातील हवेच्या वाटा घासूनपुसून रुंद व सुरळीत करणे हा त्यांचा व्यवसाय. इंजिनात शिरणारी हवा विनाअडथळा वाहावी म्हणून जो माणूस दिवसभर धातू घाशीत असे, त्याला गाडीबाहेरची हवाही तशीच वाहावी असे वाटले, यात नवल नाही. त्यांनी चाकांसह संपूर्ण झाकलेली गाडी बांधली. १९५९ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे जॅझी नेल्सन याने ती चालवून पाव मैल ८.३५ सेकंदांत पार केला. शेवटी वेग ताशी सुमारे १७८ मैल होता. त्या काळच्या उत्तम वेळांत ही वेळ गणली गेली. तरीही तिचे अनुकरण फारसे झाले नाही. वजनाचा प्रश्न होताच. शिवाय दोन धावांच्या मध्यंतरात इंजिन खोलून दुरुस्त करावे लागते, आणि झाकलेल्या गाडीत हात घालणे जिकिरीचे असते. शर्यत जिंकण्यासाठी गाडी पळावी लागते, तशीच ती पुढच्या फेरीला वेळेवर उभीही राहावी लागते.

याच सुमारास फ्लोरिडातील डॉन गार्लिट्स हे नाव पुढे आले. आपल्या गाड्यांना ते ‘दलदलीतला उंदीर’ असे नाव देऊन क्रमांक घालीत. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियातील हिवाळी स्पर्धा त्यांनी जिंकली ती इंजिनावर लहानसा पंख बसविलेल्या गाडीने. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो. हा पंख उलटा बसविलेला असल्याने गाडीला खाली दाबीत होता. येथे विचाराने एक महत्त्वाचे वळण घेतले. तोवर हवा म्हणजे केवळ शत्रू, तिला चुकवावयाचे. आता तिलाच कामाला जुंपावयाचे! चाके कितीही जोराने फिरली तरी जमिनीवर त्यांची पकड नसेल तर ती जागच्या जागी घासत राहतात. पंखाने वायुरोध वाढतो हे खरे, पण पकडही वाढते. आणि या व्यवहारात तोट्यापेक्षा नफा अधिक निघाला.

पुढचे वळण मात्र रक्त सांडून आले. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातील लायन्स धावपट्टीवर गार्लिट्स यांच्या गाडीची गतिपेटी सुटतानाच फुटली. जुन्या रचनेत ही पेटी चालकाच्या दोन्ही पायांच्या मध्ये असे. गाडीचे दोन तुकडे झाले आणि गार्लिट्स यांच्या उजव्या पावलाचा भाग तुटला. रुग्णशय्येवर असतानाच त्यांनी इंजिन चालकाच्या मागे नेण्याचा निश्चय केला. अशा गाड्या पूर्वी काहींनी करून पाहिल्या होत्या, परंतु त्या सरळ रेषेत राहात नसत. गार्लिट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुकाणूची प्रतिक्रिया मंद करून तो दोष काढला, आणि १९७१ ची हिवाळी स्पर्धा याच गाडीने जिंकली. थोड्याच वर्षांत जुनी रचना वरच्या वर्गातून नाहीशी झाली. जीव वाचविण्यासाठी केलेल्या या बदलाने गाडीचे नाकही मोकळे केले. वाऱ्याला सामोरे जाणारा भाग आता हवा तसा घडविता येणार होता.

गार्लिट्स यांनी लगेच जॉको जॉन्सन यांनाच पाचारण केले. १९७३ मध्ये मागे इंजिन असलेल्या सांगाड्यावर संपूर्ण कवच चढविलेली गाडी तयार झाली. दिसावयास ती देखणी होती; पण वेगात तिचे पुढचे अंग वर उचलू लागले. यात दुसरा धडा होता. ज्या गोलाईवरून हवा सुरळीत वाहते, ती गोलाई विमानाच्या पंखासारखी उचलही निर्माण करू शकते. वायुरोध कमी करणे आणि गाडी जमिनीवर राखणे ही दोन निराळी कामे आहेत, आणि पहिले साधले म्हणजे दुसरे आपोआप साधत नाही. ती गाडी बाजूला ठेवावी लागली.

यानंतर दहा वर्षे प्रगती झाली ती कवचात नव्हे, तर पंखात. १९८४ मध्ये जो अमाटो यांच्या गाडीवर मागचा पंख नेहमीपेक्षा पुष्कळ उंच व मागे नेऊन बसविण्यात आला. इंजिनामुळे घुसळलेल्या हवेऐवजी त्याला वरची शांत हवा मिळू लागली, आणि तेवढ्याच दाबासाठी कमी विरोध पत्करावा लागला. फ्लोरिडातील गेन्सव्हिल येथे त्या वर्षी अमाटो यांनी ताशी २६० मैलांचा टप्पा प्रथम ओलांडला.

दोन वर्षांनी, १९८६ च्या मार्चमध्ये, त्याच गेन्सव्हिलला गार्लिट्स आपला तिसावा ‘उंदीर’ घेऊन आले. गोळीसारखे बंद नाक, त्यात लपलेली लहान पुढची चाके आणि चालकाच्या डोक्यावर लढाऊ विमानासारखे पारदर्शक छत, असे तिचे रूप होते. मागच्या चाकांना आणि इंजिनाला मात्र त्यांनी झाकले नव्हते. सगळे झाकण्याचा जुना हट्ट सोडून, जेथे लाभ अधिक व वजन कमी तेवढेच झाकावे, हा विवेक त्यात होता. गाडीने ताशी २७२.५६ मैल, म्हणजे सुमारे ४३९ किलोमीटर, वेग नोंदविला. त्या वर्षीचे राष्ट्रीय अजिंक्यपदही गार्लिट्स यांनाच मिळाले.

परंतु वाऱ्याने आपला हक्क सोडला नव्हता. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथे ही गाडी सुटताच पुढून वर उठली, मागच्या चाकांवर उभी राहिली, गर्रकन फिरली आणि आरंभरेषेकडे तोंड करून पुन्हा जमिनीवर आली. गार्लिट्स सुखरूप राहिले, ते दैवाने. नाक एकदा ठराविक उंचीवर गेले की सपाट पोटाखाली हवा शिरते, आणि मग चालकाच्या हाती काही उरत नाही. १९८७ मध्ये गार्लिट्स यांनी तिसावी गाडी वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेला दिली.

इतरांनीही बंद नाकाचे व छताचे प्रयोग केले, पण ती चाल रूढ झाली नाही. २० मार्च १९९२ रोजी केनी बर्नस्टीन यांनी गेन्सव्हिल येथेच ताशी ३०१.७० मैलांचा वेग गाठला, तो उघड्या आसनाच्या, उंच पंखाच्या गाडीने. इंजिनाची शक्ती इतकी वाढली होती, की वाऱ्यापासून थोडी शक्ती वाचविण्यापेक्षा ती सारी जमिनीत उतरविणे अधिक महत्त्वाचे ठरले. वेगाची किंमतही वाढत गेली. जून २००८ मध्ये इंग्लिशटाउन येथे स्कॉट कॅलिटा यांचा अपघाती मृत्यू झाला, आणि त्यानंतर सर्वांत वेगवान वर्गांसाठी अंतर पाव मैलावरून १००० फुटांवर आणण्यात आले. ज्या पाव मैलासाठी अर्धशतकाहून अधिक काळ इतकी बुद्धी खर्ची पडली होती, तो माणसाच्या जिवासाठी आखूड करावा लागला.

आणि तरीही जॉको आणि गार्लिट्स यांच्या कल्पनेचा एक अंश परत आला. २०१२ मध्ये सर्वांत वेगवान वर्गातील गाड्यांना बंद छत वापरण्याची अनुमती मिळाली आणि टोनी शूमाकर यांनी ते शर्यतीत वापरले. या वेळी त्यामागचा हेतू ताशी एखादा मैल अधिक मिळविण्याचा नव्हता. उडून येणारा धातूचा तुकडा, सुटलेले चाक वा आगीची ज्वाळा चालकाच्या तोंडावर येऊ नये, एवढ्यासाठी ते होते. त्या छताला काही वजन आहे, आणि वजन म्हणजे आरंभरेषेवर गमावलेला वेळ. तो वेळ गमावण्यास आता शर्यतपटू राजी झाले आहेत.