ड्रमर गेला, आता काय? : 'द रेनकोट्स'ची गोष्ट

आज जरा वैयक्तिक सुरुवात करतो. आमच्या बँडचा ड्रमर ऑनसाइट गेला. दोन वर्षांसाठी. दिवसभर कोड आणि शनिवारी बँड, असं आमचं चाललेलं. आता ग्रुपवर चर्चा एकच, बंद करायचं का? मी तर अँप विकायला फोटोसुद्धा काढून ठेवले होते.

तेव्हा मला 'द रेनकोट्स' आठवल्या.

लंडन, १९७७. हॉर्न्सी कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकणाऱ्या दोन मुली. आना दा सिल्व्हा, पोर्तुगालच्या मदेइरा बेटावरची, आणि जीना बर्च. 'द स्लिट्स' हा मुलींचा बँड पाहून जीनाला वाटलं, हे आपणही करू शकतो. तिने बास गिटार घेतलं. वाजवता? येत नव्हतं! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिला शोसुद्धा केला. पुढे व्हिकी अ‍ॅस्पिनॉल आली, ती व्हायोलिन रीतसर शिकलेली. ड्रमवर पामोलिव्ह, म्हणजे आधी स्लिट्समध्ये होती तीच. हो, साबणाचंच नाव. १९७९ मध्ये 'रफ ट्रेड'ने पहिला अल्बम काढला.

आणि पामोलिव्ह बँड सोडून गेली. कुठे? भारतात!

राहिल्या तिघी. आता ऐका, आपल्या कामाची गोष्ट इथे आहे. दुसरा अल्बम 'ओडीशेप', १९८१. यातली बरीचशी गाणी ड्रमरशिवायच रचली गेली. आपण काय करतो? आधी ठेका धरतो, मग त्यावर बाकीचं बसवतो. इथे उलटं. गाणं मध्येच संथ होतं, मध्येच पळतं, कारण धरून ठेवायला कुणी नाही. गिटार, व्हायोलिन एकमेकांची वाट बघतात. कालिंबा आणि बालाफोन ही आफ्रिकन वाद्यंही त्यांनी वापरली. ड्रम नंतर आले, वेगवेगळ्या लोकांकडून. त्यातला एक रॉबर्ट वायट. हा माणूस १९७३ मध्ये खिडकीतून पडला आणि कमरेखाली अधू झाला. म्हणजे पायाने वाजवायचा बास ड्रम बादच. फक्त हातांनी वाजवायचं. आणि या गाण्यांना तेच शोभलं, असं माझं मत.

पहिल्यांदा ऐकाल तर वैताग येईल, आधीच सांगतो. मीही दोनदा अर्ध्यात बंद केलं होतं. रात्री हेडफोन लावून ऐका, बसच्या गर्दीत नको.

१९८४ मध्ये बँड संपला. मग १९९२ मध्ये एक अमेरिकन पोरगा लंडनच्या रफ ट्रेडच्या दुकानात त्यांचा पहिला अल्बम शोधत आला. तो काही मिळाला नाही. दुकानातल्यांनी सांगितलं, आना जवळच जुन्या वस्तूंच्या दुकानात काम करते, तिलाच विचार. गेला. तो कर्ट कोबेन होता! आनाने नंतर त्याला अल्बम पाठवला, आणि 'इन्सेस्टिसाइड'च्या कव्हरमध्ये त्याने ही सगळी हकीकत लिहिली. रेनकोट्सचे अल्बम पुन्हा निघाले, बँड पुन्हा जमला. निर्वाणाबरोबर दौराही ठरला होता, पण एप्रिल १९९४ मध्ये कर्ट गेला.

असो. अँपचे फोटो मी डिलीट केलेत. शनिवारी आम्ही तिघंच बसतोय, ड्रम मशीनचं अ‍ॅपसुद्धा लावणार नाही. जमलं तर पुढच्या भागात ऐकवतो. हसायचं नाही हां! चला, भेटू.