फॉर्मवरचा शुगरचा रकाना



परदेशी निघताना विमा कसा घ्यावा, यावर मला बोलायला सांगितलंय. मी विमा एजंट नाही. माझा अधिकार एवढाच, की आमच्या घरानं यात चूक केली आणि तिचे हप्ते माझा धाकटा भाऊ साडेतीन वर्षं फेडत होता.

२०१६ ची गोष्ट. भाऊ टेक्सासला नोकरीला. त्याला मुलगी झाली म्हणून अब्बा-अम्मी नातीला बघायला निघाले. तिकीट महिनाभर आधी काढलं, विमा आदल्या दिवशी, तिकीटवाल्याच्याच दुकानात. फॉर्म मी भरला. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आहे का? अब्बांना बारा वर्षांची शुगर. दुकानदार म्हणाला, "नाही लिहा. हो म्हणालात तर तपासण्या मागतील, प्रीमियम वाढेल." मी 'नाही'वर खूण केली. दोन सेकंदांचं काम.

तिसऱ्या आठवड्यात अब्बांना नवा बूट चावला. फोड चिघळला, पाय सुजला, ताप चढला. चार दिवस रुग्णालयात. बिल ४१ हजार डॉलर. तिथल्या डॉक्टरनं पहिल्याच पानावर लिहिलं होतं, बारा वर्षांपासून मधुमेह. अब्बांनीच सांगितलं होतं. डॉक्टरपासून कोण लपवतो? विमा कंपनीनं ते पान आणि माझा फॉर्म शेजारी ठेवला आणि दावा नाकारला. रुग्णालयाच्या आर्थिक मदत योजनेत अर्ज करून बिल बरंच उतरलं. उरलेलं भावानं भरलं.

खरं लिहिलं असतं तर सगळे पैसे मिळाले असते? कदाचित नाही. बऱ्याच प्रवास पॉलिसी जुन्या आजाराचा खर्च देत नाहीत, किंवा जीव धोक्यात असेल तेव्हाच, तोही ठरावीक रकमेपर्यंत देतात. पण हे आम्हाला विमानात बसण्याआधी कळलं असतं. जुना आजार धरणारी महाग पॉलिसी शोधता आली असती. म्हणून पॉलिसी मागच्या पानांपासून वाचा. काय मिळतं ते पहिल्या पानावर ठळक असतं. काय मिळत नाही, दर वेळी आधी आपल्या खिशातून किती भरायचं, साठीपुढच्या माणसाला खोलीभाडं नि शस्त्रक्रियेची मर्यादा किती, हे मागे बारीक अक्षरांत असतं.

देशाप्रमाणे गणित बदलतं. युरोपच्या शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा. अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाला विम्याची सक्तीच नाही, आणि आजारपण सर्वात महाग तिथंच. शिकायला जाणाऱ्यांनी आधी विद्यापीठाला विचारावं. काही विद्यापीठं इथून घेतलेली पॉलिसी मानत नाहीत, मग दोनदा पैसे जातात. उमराहच्या व्हिसात विमा येतो, पण तो तातडीच्या उपचारांसाठी. आई-वडिलांची रोजची औषधं चिठ्ठीसकट इथूनच न्या.

आखातात कामाला जाणाऱ्या आपल्या कोकणातल्या पोरांसाठी एक वेगळी गोष्ट. दहावी न झालेल्यांच्या पासपोर्टला सहसा ईसीआर लागतो. त्यांनी एमिग्रेशन परवानगी घेऊन जायचं, आणि तेव्हा प्रवासी भारतीय बीमा योजना घ्यावीच लागते. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५. अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाख, शिवाय मृतदेह घरी आणण्याचा खर्च. व्हिजिट व्हिसावर जाऊन तिथंच काम धरणारा यातलं सगळं गमावतो. एजंट व्हिजिट व्हिसा पुढे करतो तेव्हा हे सांगत नाही.

आता वापर. पॉलिसीवर मदत केंद्राचा चोवीस तासांचा नंबर असतो. तो सोबत जाणाऱ्याच्या आणि घरच्यांच्याही फोनमध्ये ठेवा. भरती होण्याआधी, ते जमलं नाही तर भरती झाल्याबरोबर फोन करा. कॅशलेसची सोय बहुधा त्या फोनवरच ठरते. डिस्चार्जचा कागद, तपशीलवार बिल, बोर्डिंग पास काहीही फेकू नका. बॅग आली नाही तर विमानतळाबाहेर पडण्याआधी विमान कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार करा; घरून केलेल्या तक्रारीला फारसं कुणी विचारत नाही. आणि मुक्काम वाढणार असेल तर पॉलिसी संपण्याआधी वाढवा.

खरं लिहूनही दावा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्याकडे मुंबईत आणि पुण्यात कार्यालयं आहेत. फी नाही, वकील लागत नाही. आम्ही तिथं गेलो नाही. काय तोंडानं जाणार होतो?

२०१९ मध्ये अब्बा पुन्हा गेले. या वेळी फॉर्म माझ्या हातात दिला नाही. खुर्ची ओढून स्वतः बसले आणि काउंटरवरच्या मुलीला एकेक गोळीचं नाव सांगत राहिले. ती म्हणाली, "चाचा, एवढं लिहायला जागा नाही." ते म्हणाले, "मग दुसरा कागद जोड."

त्या पॉलिसीची प्रत मी आणली आहे, नाव-पत्ता झाकून. चहाच्या टेबलावर ठेवतो. मागची चार पानं वाचा आणि अडेल तिथं मला विचारा.